बांबू रोवायचा कशात?

मातीविना बाग करणारी, म्हणजे मातीऐवजी खते विरघळवलेल्या पाण्यात (पोषक द्रावणात) झाडे वाढवणारी बहुतेक मंडळी पालक, पुदिना, लेट्यूस यांपासून सुरुवात करतात, आणि ही सारी पालेभाजी वीतभर उंचीतच संपत असल्यामुळे झाडाला आधार लागतो हा विचार त्यांच्या मनाला शिवतही नाही. पुढे हात बसला की टोमॅटो, वांगी, सिमला मिरची, काकडी यांचा मोह पडतो, आणि तिथून बागेचा प्रश्न पोषक द्रावणाचा कमी आणि बांधकामाचा अधिक होतो. आमची गोरेगावची गॅलरी पाचव्या मजल्यावर आणि नैऋत्येला उघडणारी आहे. तिथे मी बादल्यांमध्ये फळभाज्या वाढवतो, आणि खतांच्या मात्रेवर जितका विचार केला असेल त्याहून अधिक दोरी, हूक आणि गाठी यांवर केला असेल. माझे म्हणणे असे, की पाण्यातल्या झाडाला उभे ठेवणे हे कुंडीचे काम नाही. ते घराच्या भिंतीचे, छताचे आणि ग्रीलचे काम आहे, आणि त्याची सोय रोप लावण्याआधी झालेली असली पाहिजे.

जमिनीत वाढणाऱ्या झाडाचे मूळ एकाच वेळी दोन कामे करते: पाणी आणि अन्न शोषते, शिवाय खोडाला धरूनही ठेवते. वारा झाडाला एका बाजूला ढकलतो तेव्हा विरुद्ध बाजूची मुळे ताणली जातात, आणि त्यांच्यावरच्या मातीचे वजन व मातीशी होणारे घर्षण त्या ताणाला पुरे पडते. पाण्यात यातले काहीच नसते. मुळे भरघोस, पांढरी आणि हातभर लांब होतात, पण ती नुसती लोंबत असतात. झाडाची सगळी पकड बादलीच्या झाकणात बसवलेल्या दोन-तीन इंचांच्या जाळीदार कुंडीत उरते, आणि तिच्यात आपण भरतो ते भाजलेल्या मातीचे गोळे मुळातच हलके आणि एकमेकांवरून सहज घरंगळणारे असतात. खोड बोटाने जरा हलवून पाहावे: गोळे कुरकुरतात, खोड कुंडीच्या प्लॅस्टिकच्या कडेला टेकते, आणि जिथे ते रोज टेकते तिथली साल आधी चकचकीत आणि मग तपकिरी होते. वरून हे घासणे दिसते. खाली त्याच हालचालीने नुकतीच फुटलेली कोवळी मुळे तुटत असतात, ते दिसत नाही.

ही अडचण मातीविना शेतीइतकीच जुनी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कले येथे विल्यम गेरिक यांनी १९३० च्या आसपास द्रावणाच्या टाक्यांवर टोमॅटोचे वेल २५ फुटांपर्यंत वाढवून दाखवले. त्यांच्या टाक्यांवर तारेची जाळी असे, जाळीवर भुसकटासारख्या पदार्थांचा थर असे आणि त्या थरात रोपाचा बुंधा धरलेला असे. पण एवढ्या उंचीचा वेल तेवढ्यावर उभा राहत नाही. त्याला वरून बांधावेच लागते. आपल्या देशात जेम्स शोल्टो डग्लस यांनी १९४६ मध्ये कालिम्पाँग येथे प्रयोग सुरू केले, आणि त्यांतून पुढे आलेल्या ‘बंगाल पद्धती’त नुसत्या पाण्याऐवजी खडी आणि बारीक चुरा यांचे मिश्रण वापरले गेले. मुळांना धरायला काहीतरी मिळावे, हा त्या खडीचा एक मोठाच फायदा होता. फळभाज्यांसाठी मीही याच बाजूचा आहे. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) यांच्या मिश्रणाने भरलेली दहा-बारा लिटरची, तळाशी निचऱ्याची सोय असलेली बादली झाडाला निदान सुरुवातीचा जोर देते. भिंतीवर ओळीने बसवलेल्या चार इंची पीव्हीसी पाइपांमध्ये मात्र मी टोमॅटो कधीच लावणार नाही. त्या पाइपांत पाण्याचा पातळ थर वाहत असतो, त्यामुळे खाली वजन असे काहीच नसते, मोठ्या झाडाची मुळे पाइप तुंबवतात आणि क्लॅम्प दूर दूर असतील तर मधल्या भागात पाइपच वाकतो. पाइप पालेभाजीसाठी ठीक आहेत.

पंपाशिवाय बाग करणाऱ्यांना हवाई विद्यापीठाचे बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत माहीत असते: बादली सुरुवातीला एकदा भरायची, झाड पाणी पीत जाते तशी पातळी उतरते आणि वर उघडी पडलेली मुळे हवा घेतात. पद्धत सुबक आहे, पण तिचा हा गुणच उंच झाडाच्या मुळावर येतो. वीस लिटरची बादली काठोकाठ असते तेव्हा तिचे वजन वीस किलोंच्या वर असते आणि रोप मात्र वीतभर असते. झाड पाच फुटांचे होऊन फळांनी लगडते तेव्हा बादलीत पाच-सहा लिटर पाणी उरलेले असते. म्हणजे भार वर सरकतो नेमका त्याच वेळी पाया हलका होतो. यावर उपाय सोपा आहे: बादलीच्या तळाशी काळ्या दगडाची स्वच्छ धुतलेली खडी चार बोटे भरून घ्यावी, किंवा बादली फळांच्या क्रेटमध्ये ठेवून भोवती विटा लावाव्यात. शोभेसाठी मिळणारे संगमरवराचे पांढरे तुकडे मात्र द्रावणात टाकू नयेत, कारण संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि किंचित आम्ल असलेल्या द्रावणात ते विरघळत राहून सामू (पीएच) वर चढवत नेते. बादली जड केल्याने ती उलटणार नाही एवढेच साधते. झाड कुंडीपाशी मोडणे किंवा जाळीतून उपटून येणे हे त्याने थांबत नाही.

माझे मामा जुन्नर तालुक्यात टोमॅटो करतात. नारायणगावच्या बाजारात ज्या भागातून माल येतो, त्याच भागातले त्यांचे शेत आहे, आणि तार, बांबू व सुतळी यांनी केलेली टोमॅटोची बांधणी त्यांच्या हाताखालून आयुष्यभर गेलेली आहे. आमच्याकडे आले असताना त्यांनी बादल्या निरखून पाहिल्या, झाकण उचलून मुळे पाहिली, आणि मग म्हणाले, “आमच्याकडे लागवड झाली की महिन्याच्या आत तार-बांबू उभे करावेच लागतात. पण तू बांबू रोवायचा कशात, सांग बरं?” प्रश्न बिनतोड होता. शेतात आधार मागाहूनही देता येतो, कारण तो पेलणारी जमीन तिथे आधीपासून असते. बादलीत काठी रोवायची म्हणजे ती जाळीदार कुंडीतून मुळांच्या पुंजक्यात खुपसायची. त्यात मुळे चिरडतात, आणि बांबू द्रावणात भिजत राहून बुरशी धरतो तो वेगळाच. काठी बादलीला बाहेरून बांधली तर मुळे वाचतात, पण मग काठी, बादली आणि झाड हे सारे एकच ठोकळा होते आणि पडायचे झाले तर एकत्र पडते. भार कुठेतरी इमारतीत उतरला पाहिजे.

मुंबईच्या गॅलरीत यासाठीची सर्वांत चांगली वस्तू आधीच टांगलेली असते: कपडे वाळत घालायची, दोरीने वरखाली होणारी स्टीलची दांडी. ओल्या चादरी पेलण्यासाठी बसवलेले तिचे हूक टोमॅटोचे तीन-चार वेल सहज पेलतात. तरीही चालू वापरातल्या दांडीला झाडे बांधू नयेत, असे मी स्वानुभवाने नव्हे, तर घरातल्या माणसांच्या स्वभावाकडे पाहून सांगतो. सकाळच्या घाईत कोणीतरी दोरी ओढणारच. त्या दांडीला समांतर, दोन बाजूंच्या भिंतींमध्ये एक वेगळी स्थिर दांडी बसवून घ्यावी आणि झाडाच्या दोऱ्या तिलाच सोडाव्यात. भिंतीत बसवलेल्या दांडीवरचा भार भिंतीच्या उभ्या पृष्ठभागावर जातो, त्यामुळे छताला भोके पाडावी लागत नाहीत, हा तिचा आणखी एक फायदा. छतालाच हूक लावायचा असेल तर आधी स्लॅबकडे नीट पाहावे. ओल आलेली, पोपडे सुटलेली, तपकिरी डाग दिसणारी जागा असेल तर आतली सळई गंजून फुगलेली असते, आणि तिथे ड्रिल मारणे म्हणजे स्लॅबचा तुकडाच सैल करणे होय. जुन्या इमारतींत ही शक्यता नेहमी धरून चालावी.

बाहेर काढलेल्या बॉक्स ग्रीलबद्दल माझे मत कडक आहे. दोरीचे वरचे टोक ग्रीलला बांधण्यास हरकत नाही, पण पाण्याने भरलेली बादली ग्रीलच्या तळावर ठेवू नये. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि चार बादल्यांचा हिशेब केला की आपण त्या ग्रीलवर एका धडधाकट माणसाहून अधिक वजन कायमचे ठेवत असतो. ग्रीलच्या बाहेर तर काहीच लोंबू नये. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या बाजूने सरकले तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेले होते, आणि अशा वाऱ्यात सुटलेली कुंडी खाली कोणाच्या डोक्यावर पडेल हे आपल्या हातात नसते. शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर एवढे सांगतो, की खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर खताचे पाणी ठिबकले की सोसायटीच्या सभेत आपल्या बागेवर जी चर्चा होते, ती उद्यानशास्त्राला धरून नसते.

आता दोरी. घरात सुतळी असते म्हणून हात पहिल्यांदा सुतळीकडेच जातो. शेतात ती योग्यच आहे, कारण एका हंगामापुरती टिकली तरी काम भागते आणि नंतर ती मातीत कुजूनही जाते. पाण्यातल्या बागेत तिचे दोन दोष आहेत. पावसाळ्यात ती आतून कुजते आणि बाहेरून धड दिसत राहते, हा पहिला. दुसरा दोष अधिक मजेदार आहे: सुतळीचे खालचे टोक कुंडीत ओल्या गोळ्यांना लागले, की ती वातीप्रमाणे द्रावण वर ओढू लागते. सकाळी पाहिले तर कुंडीच्या वर बोटभर सुतळी गडद ओली, तिच्यावर क्षारांची पांढुरकी खरखरीत पुटे, आणि ती जिथे खोडाला टेकली तिथे सालीवर करपल्यासारखा चट्टा दिसतो. त्यामुळे मी उभ्या आधारासाठी पेन्सिलीच्या शिशाहून थोडी जाड अशी विणलेली नायलॉनची दोरी वापरतो. ती सुतळीइतके पाणी शोषत नाही. मात्र नायलॉन नागड्या खोडाभोवती कधीच आवळू नये, कारण खोड जाड होत जाते आणि दोरी होत नाही. बारीक तारेचे तर नावच काढू नये. खोड आणि दोरी यांच्यामध्ये नेहमी मऊ काहीतरी असावे: जुन्या सुती साडीच्या किंवा गंजीफ्रॉकच्या बोटभर रुंद चिंध्या यासाठी उत्तम असतात. चिंधी मराठी चारच्या आकड्यासारखी, म्हणजे मध्ये एक तिढा देऊन बांधावी. वेढ्याच्या एका भागात खोड, दुसऱ्यात दोरी, आणि तिढा दोघांच्या मध्ये. दोरीच्या बाजूला निरगाठ पक्की असावी, खोडाच्या बाजूला करंगळी सहज फिरेल एवढी जागा असावी. प्लॅस्टिकच्या टोमॅटो क्लिपाही चालतात. क्लिप पानाच्या देठाच्या लगेच खाली लावावी, म्हणजे देठ तिच्यावर टेकतो आणि झाड क्लिपमधून खाली घसरत नाही. फळांच्या घोसाखाली ती लावली तर घोसाचा देठच वजनाने मुरडतो.

दोरीचे खालचे टोक बुंध्याला बांधायचे की बादलीला, यावर मतभेद आहेत. मी ते बादलीच्या कडीला बांधतो आणि दोरी किंचित सैल ठेवतो. बुंध्याला बांधले आणि वर कोणी दोरी ताणली, तर अख्खे झाड कुंडीतून मुळांसकट वर उचलले जाते. कडीला बांधले तर तो ताण बादलीवर येतो. झाड वाढेल तसा शेंडा दोरीभोवती एकाच दिशेने गुंडाळत न्यावा. ही कामे दुपारी करावीत. सकाळी झाडात पाणी पूर्ण भरलेले असते, खोड ताठ आणि ठिसूळ असते, आणि अंगठ्याने जरा दाबले तरी ‘कट्’ असा आवाज येऊन शेंडा हातात येतो. दुपारच्या उन्हात तेच खोड किंचित नरम होते आणि वळते.

रोप लावतानाच केलेली एक गोष्ट पुढचा बराच त्रास वाचवते, पण ती फक्त टोमॅटोला लागू आहे. टोमॅटोच्या खोडातून कुठेही मुळे फुटू शकतात. त्यामुळे खालची दोन-तीन पाने काढून रोप कुंडीत जितके खोल बसेल तितके बसवावे. गाडलेल्या खोडातून नवी मुळे सुटतात, ती जाळीच्या भोकांतून बाहेर येतात आणि कुंडीला सर्व बाजूंनी पकडतात. वांगे आणि मिरची यांच्याबाबतीत असा भरवसा धरू नये. त्यांच्या बुंध्याभोवती गोळ्यांऐवजी कोकोपीट घट्ट दाबून भरलेले अधिक बरे.

प्रत्येक पिकाचा तोल वेगळ्या ठिकाणी जातो. टोमॅटोच्या उंच वाढणाऱ्या जातींत बगलफुटी, म्हणजे पानाच्या बगलेतून फुटणारे कोंब, वेळेवर काढून एकच खोड ठेवले, की एका दोरीवर सगळे भागते. बगलफूट बोटभर असतानाच खुडावी, मोठी झाल्यावर काढली तर जखम मोठी होते. सिमला मिरची बेचक्यात फाटते. तिचे मुख्य खोड एका उंचीवर दोन किंवा तीन फांद्यांत विभागते, फळे भरू लागली की या फांद्या एकमेकींपासून दूर ओढल्या जातात आणि बेचके लाकूड चिरावे तसे मधोमध उभे चिरते. म्हणून तिच्या दोन फांद्या ठेवून प्रत्येकीला स्वतंत्र दोरी द्यावी. मधल्या खोडाला कितीही घट्ट बांधले तरी उपयोग नसतो. वांग्याचे खोड लाकडासारखे टणक होते आणि ते स्वतः उभे राहते, पण भरताचे वांगे एकेका फांदीच्या टोकाला लागते आणि फांदी सांध्यापाशी साल सोलत खाली येते. तिथे फळाच्या मागच्या फांदीला चिंधी घालून वर टांगणे हाच उपाय. काकडी आपल्या तणाव्यांनी, म्हणजे वेलाच्या गुंडाळणाऱ्या तंतूंनी, स्वतः चढते, मात्र तिला बारीक दोरी किंवा जाळी हवी असते. जाड पीव्हीसी पाइपाभोवती तणाव्याला पकड घेता येत नाही, आणि तो नुसताच हवेत गुंडाळत बसतो. खरबुजाचा प्रयोग करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, की पिकलेले खरबूज देठापासून आपोआप सुटते. फळ लिंबाएवढे झाले की ते कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून पिशवीच दांडीला टांगावी. वजन पिशवी पेलते, वेल पेलत नाही, आणि पहाटे फरशीवर फळ आपटल्याच्या आवाजाने घर जागे होत नाही.

वारा हा मुंबईतला खरा परीक्षक आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब साधारण चौपट होतो, त्यामुळे एप्रिलच्या संध्याकाळच्या वाऱ्यात निवांत डुलणारे झाड जूनमधल्या पहिल्या झोताला तसेच तोंड देईल असे समजू नये. नैऋत्येकडे उघडणाऱ्या गॅलरीत मोसमी वारा थेट आत येतो, आणि दोन टॉवरांच्या मधल्या बोळातून आला तर आणखी जोराने. तरीही झाडाला वाऱ्यापासून पूर्ण झाकून ठेवणे मला पटत नाही. हालवलेली, स्पर्श झालेली झाडे बुटकी राहतात आणि त्यांचे खोड जाड होते; मार्क जाफ यांनी १९७३ मध्ये या प्रतिसादाला शास्त्रीय नाव दिले. म्हणून रोपे लहान असताना त्यांना मोकळा वारा मिळू द्यावा, घराच्या आत दिव्याखाली बाग असेल तर टेबलफॅन सर्वांत कमी वेगावर काही वेळ लावावा, आणि दोरी इतकी ताणू नये की झाड जागचे हलणारच नाही. बांधलेल्या झाडाने चार बोटे डुलावे. त्याने कडेला आपटू मात्र नये. पंख्याने टोमॅटोच्या फुलांतले परागही झडतात, हा वरचा लाभ.

गॅलरीत उजेड एकाच बाजूने येतो, त्यामुळे झाड बाहेरच्या बाजूला झुकते आणि त्याचे सगळे वजन कठड्याकडे जाते. रोप लहान असेपर्यंत बादली अधूनमधून फिरवता येते, पण एकदा दोरीवर चढल्यावर ते शक्य नसते. तेव्हा दांडी कठड्याच्या अगदी वर न बसवता हातभर आत बसवावी आणि बांधताना चिंधी आतल्या बाजूने ओढून धरेल अशी ठेवावी. उजेड कमी आणि नत्र (नायट्रोजन) जास्त, अशा जोडीने दोन पेरांतले अंतर वाढते, खोड लांब आणि लुसलुशीत होते. असे झाड कितीही बांधले तरी बांधाच्या वर वाकते. फुले येऊ लागली की नत्राच्या तुलनेत पालाश (पोटॅशियम) वाढवावे, आणि ज्या गॅलरीत चार तासही थेट ऊन येत नाही तिथे उंच वाढणाऱ्या जातींऐवजी बुटक्या चेरी टोमॅटोवर समाधान मानावे.

टोमॅटोचा वेल दांडीला टेकला की दोन मार्ग उरतात. शेंडा खुडून वाढ तिथेच थांबवावी, किंवा व्यावसायिक हरितगृहांत करतात त्याप्रमाणे वेल खाली उतरवावा. उतरवायचे असेल तर सुरुवातीलाच दोरी हातभर नव्हे, चांगली सहा-सात फूट जादा ठेवून वरच्या हूकवर गुंडाळून ठेवावी लागते. खालची, फळे काढून झालेल्या भागातली पाने छाटून खोड मोकळे करावे, हूकवरून वीतभर दोरी सोडावी, हूक दांडीवर तितकाच बाजूला सरकवावा, आणि उघडे खोड बादलीभोवती सावकाश वळसा घेऊ द्यावे. एकदम हातभर उतरवले तर खोड बुंध्यापाशी मुडपते. वळसा फरशीवर टेकू देऊ नये, कारण ओल्या फरशीवर खोड कुजते. दोन विटांवर एक फळी ठेवली की पुरते. मुंबईत ऑक्टोबरमध्ये लावलेले झाड अशा रीतीने मार्चपर्यंत चांगले चालते. त्यानंतर रात्रीही उकाडा राहू लागला की फुले गळतात, कोमट झालेल्या द्रावणात प्राणवायू कमी विरघळतो, मुळे तपकिरी पडू लागतात, आणि आधार कितीही भक्कम असला तरी उभे ठेवण्यासारखे झाड उरत नाही. ते तेव्हा काढावे. वेल वरून खाली तुकड्यातुकड्याने कापावा, ओढून काढू नये, नाहीतर दोरीबरोबर शेजारच्या झाडाचा शेंडाही येतो. क्लिपा ब्लीचच्या सौम्य पाण्यात भिजवून, धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतात. चिंध्या आणि दोरी मात्र टाकून द्यावी, कारण त्यांच्या धाग्यांत जुना रोग टिकून राहतो आणि नवी दोरी काही फार महाग नसते.